जूनमधली यादी आणि एक मेणबत्ती

मे महिना संपत आला की दोन-तीन शाळांकडून आम्हाला हमखास निरोप येतो. शाळा उघडल्यावर मुलांना वाचायला सांगता येतील अशा विज्ञानाच्या पुस्तकांची यादी हवी असते. ती इयत्तावार हवी, असाही आग्रह असतो. तिसरी-चौथीला ही, पाचवी ते सातवीला ही, आठवीच्या पुढे ही, आणि शेवटी शिक्षकांसाठी दोन-चार. काही वर्षे आम्ही अशा याद्या इमानेइतबारे करून दिल्या. मग एकदा त्यांतल्याच एका शाळेत व्याख्यानाला जाण्याचा योग आला. प्रयोगशाळेतल्या कपाटाच्या काचेवर आमची यादी नीट डकवलेली होती. कपाटाला कुलूप होते. किल्ली कोणाकडे असते, असे विचारले तेव्हा तिघा शिक्षकांनी एकमेकांकडे पाहिले. यादीतली नऊ पुस्तके काचेमागे ओळीने उभी होती आणि त्यांतले एकही कोणी उघडलेले दिसत नव्हते.

दोष एकट्या शाळेचा नव्हता. यादी करताना आम्हीही एक गोष्ट गृहीत धरली होती. एखादे पुस्तक कोणत्या वयाचे आहे, हे लिहिणाऱ्याला आणि निवडणाऱ्याला आधीच कळते, अशी ती समजूत. विज्ञानाच्या ज्या पुस्तकांनी वाचकाच्या आयुष्याची दिशा बदलली, त्यांचा इतिहास पाहिला तर ही समजूत टिकत नाही. म्हणून यंदा यादीऐवजी त्यांतल्या तीन-चार पुस्तकांची हकीकत सांगावी असे ठरवले आहे. कोणते पुस्तक कोणाच्या हाती द्यायचे, ते वाचकांनी आपापल्या वर्गाकडे पाहून ठरवावे.

सुरुवात लंडनपासून करू. १८०१ साली हंफ्री डेव्ही हा जेमतेम बावीस वर्षांचा तरुण तिथल्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये दाखल झाला आणि त्याच्या रसायनशास्त्राच्या व्याख्यानांना शहरातील प्रतिष्ठित मंडळी गर्दी करू लागली. श्रोत्यांत स्त्रियाही मोठ्या संख्येने असत. विद्यापीठांचे दरवाजे त्यांना बंद होते, इथले मात्र उघडे होते. त्यांतल्याच एक जेन मार्सेट. वडील स्विस व्यापारी, पती डॉक्टर आणि रसायनशास्त्राचे अभ्यासक. डेव्हीचे व्याख्यान ऐकून जेनबाई घरी येत, तेव्हा प्रयोगांचा लखलखाट तेवढा आठवे, बाकीचे डोक्यावरून गेलेले असे. मग घरी त्या विषयावर बोलणे होई, काही प्रयोग पुन्हा करून पाहिले जात, आणि पुढच्या व्याख्यानाला बसताना त्यांना आढळे की आता कळू लागले आहे. हा अनुभव त्यांनी पुस्तकाच्या प्रस्तावनेत मोकळेपणाने सांगितला आहे. आपल्याला न कळणे हेच त्यांनी लिहिण्याचे कारण म्हणून पुढे केले. स्वतःला उत्तम कळलेल्या माणसांनीच लिहिलेली पुस्तके वाचून थकलेल्या शिक्षकांना याचे मोल वेगळे सांगायला नको.

हे पुस्तक म्हणजे 'कॉन्व्हर्सेशन्स ऑन केमिस्ट्री', रसायनशास्त्राविषयीचे संवाद. १८०६ साली ते दोन खंडांत निघाले, त्यावर लेखिकेचे नाव नव्हते. बाईंनी रसायनशास्त्रावर लिहावे की नाही, याचा संकोच तेव्हा लेखिकेलाही वाटत होता. पुस्तकात तीन पात्रे आहेत : शिकवणाऱ्या मिसेस बी. आणि त्यांच्या दोन विद्यार्थिनी, एमिली आणि कॅरोलाइन. एमिली शांत आणि कष्टाळू आहे. कॅरोलाइन उतावळी, तिला स्फोट हवे असतात आणि न पटलेली गोष्ट ती तोंडावर सांगते. आमचे मत विचाराल तर पुस्तक चालले ते कॅरोलाइनमुळे. प्रत्येक वर्गात एक कॅरोलाइन असते आणि बहुधा तिलाच आपण गप्प बसवतो. संवादाचा हा साचा मराठीतही फार लवकर आला. १८३०च्या दशकात मुंबईत हरी केशवजी यांनी पदार्थविज्ञान आणि रसायनशास्त्र या विषयांवरची पुस्तके संवादांच्याच रूपाने मराठी वाचकांपुढे ठेवली.

मार्सेटबाईंच्या मनात वाचक होता तो व्याख्यानांना जाणाऱ्या स्त्रियांचा. पुस्तक मात्र भलतीकडेच पोचले.

लंडनच्या ब्लँडफर्ड रस्त्यावर जॉर्ज रीबो नावाच्या गृहस्थाचे पुस्तकविक्रीचे आणि बांधणीचे दुकान होते. तिथे एका लोहाराचा मुलगा आधी वर्तमानपत्रे पोचवायला होता. १८०५ साली, चौदाव्या वर्षी, तो बांधणीच्या कामावर उमेदवार म्हणून राहिला. शाळा अशी त्याने फारशी पाहिलीच नव्हती, लिहिणे-वाचणे आणि थोडे अंकगणित एवढीच शिदोरी. नाव मायकेल फॅरडे. हाताखालून जाणारी पुस्तके तो बांधता बांधता वाचत असे. विश्वकोशातला विजेवरचा लेख त्याला असाच सापडला आणि मार्सेटबाईंचे पुस्तकही असेच हाती आले. रीबो हा मालक मोठा समजूतदार असला पाहिजे, कारण काम संपल्यावर दुकानात वाचायला आणि मागच्या बाजूला छोटे प्रयोग करायला त्याची हरकत नसे. उमेदवारीच्या सात वर्षांत या मुलाने घर्षणाने वीज निर्माण करणारे यंत्रही जमवले. विज्ञानाच्या इतिहासात रीबोचे नाव एखाद्या ओळीत येऊन जाते. शाळांच्या ग्रंथपालांनी मात्र ते लक्षात ठेवावे.

फॅरडेने हे पुस्तक कसे वाचले, हे त्याने स्वतः लिहून ठेवले आहे. १८५८ साली मार्सेटबाई वारल्यानंतर त्याने आपल्या एका शास्त्रज्ञ मित्राला पत्र लिहिले. त्याचा आशय असा. लहानपणी आपली कल्पनाशक्ती भलतीच धावरी होती, अरबी कथाही विश्वकोशाइतक्याच सहज खऱ्या वाटत. पण वस्तुस्थितीवर आपला भरवसा होता आणि कोणी काही विधान केले की त्याची उलटतपासणी घेण्याची सवय होती. तेव्हा या पुस्तकातली विधाने जमतील तेवढ्या छोट्या प्रयोगांनी आपण तपासून पाहिली. ती खरी ठरली आणि रसायनशास्त्रात आपल्याला नांगर टाकायला जागा मिळाली. पुढे स्वतःचे शोधनिबंध छापले जाऊ लागले, तेव्हा तो ते कृतज्ञतेने बाईंकडे पाठवत असे. बाईही नव्या आवृत्तीत भर घालताना त्याला पत्राने शंका विचारत. पुस्तकाच्या नव्या आवृत्त्या निघत राहिल्या आणि ज्याला त्यातून अक्षरओळख झाली होती तोच त्यात कोणती भर घालावी हे सांगू लागला.

१८१२ साली दुकानात येणाऱ्या एका गिऱ्हाइकाने फॅरडेला डेव्हीच्या चार व्याख्यानांची तिकिटे दिली. त्याने टिपणे काढली, ती सुवाच्य अक्षरात उतरवली, आकृत्या काढल्या, स्वतःच्या हाताने बांधली आणि डेव्हीकडे पाठवली. मार्च १८१३ मध्ये तो रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मदतनीस म्हणून रुजू झाला. ही गोष्ट बहुतेक शिक्षकांना ठाऊक असते, म्हणून ती इथेच सोडतो.

रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८२५ पासून नाताळच्या सुटीत मुलांसाठी व्याख्याने सुरू झाली. १८२७ ते १८६० या काळात फॅरडेने अशा १९ व्याख्यानमाला दिल्या. त्यांतली शेवटची, १८६०-६१ची, एका मेणबत्तीवर होती. याच विषयावर तो १८४८ सालीही बोलला होता. सहा व्याख्याने, आणि सगळी एका मेणबत्तीभोवती. विल्यम क्रुक्स या तरुण रसायनशास्त्रज्ञाने ती लिहवून घेतली आणि १८६१ साली 'द केमिकल हिस्टरी ऑफ अ कँडल' हे पुस्तक तयार झाले. त्या वेळी फॅरडे एकोणसत्तर वर्षांचा होता, स्मरणशक्ती दगा देऊ लागली होती. समोर मुले बसली होती आणि आपण मुलांशीच बोलणार, मोठ्यांनी हवे तर ऐकावे, अशी त्याची भूमिका होती.

या पुस्तकाविषयी थोडे विस्ताराने सांगायला हवे. पहिल्या व्याख्यानात तो निरनिराळ्या मेणबत्त्या दाखवतो : चरबीच्या, मधमाश्यांच्या मेणाच्या, देवमाशाच्या तेलापासून केलेल्या, पॅराफिनच्या. १७८२ साली बुडालेल्या 'रॉयल जॉर्ज' या युद्धनौकेतून वर काढलेली एक मेणबत्तीही त्यांत होती. इतकी वर्षे खाऱ्या पाण्यात राहूनही ती जळू शकत होती. मग तो अगदी साधी गोष्ट विचारतो : मेणबत्ती जळताना तिच्या माथ्यावर वाटी तयार होते, ती कशामुळे? ज्योतीमुळे हवा तापून वर जाते, तिच्या जागी खालून थंड हवा कडेने चढते. ही हवा मेणबत्तीची कड थंड ठेवते, म्हणून मधले मेण वितळते आणि कड उभी राहते. वाऱ्याच्या झोताने किंवा नक्षीमुळे ही हवा नीट चढली नाही, की कड फुटून मेण ओघळते. वितळलेले मेण वातीतून वर चढते ते केशाकर्षणाने, समईत तेल चढते तसेच. प्रत्यक्षात जळते ते मात्र मेणाचे बाष्प. हे तो दोन प्रकारे दाखवतो. मेणबत्ती विझवून वातीतून निघणाऱ्या धुराच्या रेषेला दोन-तीन इंचांवर पेटती काडी लावली, तर ज्योत धुरातून उडी मारून वातीवर येते. दुसरा प्रकार जास्त नाजूक आहे. काचेची वाकडी नळी ज्योतीच्या मधल्या काळसर भागात धरली की तिच्या दुसऱ्या टोकातून पांढरट बाष्प बाहेर पडते आणि ते तिथे वेगळे पेटवता येते.

पुढे प्रकाश येतो. प्रखर प्रकाशात मेणबत्ती धरली तर तिच्या ज्योतीची सावली पडते, आणि सर्वांत गडद सावली ज्योतीच्या सर्वांत तेजस्वी भागाची असते! तिथे तापून लाल-पिवळे झालेले काजळीचे कण असतात. तेच प्रकाश देतात आणि तेच उजेड अडवतात. आमच्या विद्यार्थ्यांना हे दाखवले तेव्हा एम.एस्सी. झालेल्या मुलांनीही मेणबत्ती बाजूला करून पुन्हा पाहिले. नंतर ज्योतीवर थंड भांडे धरून पाणी मिळवणे, पाण्यातून हायड्रोजन, हवेतला ऑक्सिजन, चुन्याची निवळी दुधाळ करणारा कार्बन डायऑक्साइड, आणि सहाव्या व्याख्यानात श्वसन. आपल्या शरीरातही मंदगतीने तेच चालू आहे, हे मुलांना मेणबत्तीवरून कळते. पुस्तकात मोठे शब्द फार थोडे आहेत. कृती मात्र पानोपानी आहेत.

सहाव्या व्याख्यानात एक छोटा प्रसंग आहे. श्रोत्यांतल्या एका बाईंनी फॅरडेला जपानमधल्या दोन मेणबत्त्या भेट दिल्या होत्या. त्या नक्षीदार होत्या आणि त्यांची वात पोकळ होती. त्या त्याने कौतुकाने मुलांना दाखवल्या. पुढे हे पुस्तकच जपानी भाषेत गेले आणि तिथे शाळकरी मुलांचे आवडते झाले. लिथियम-आयन बॅटरीच्या कामासाठी २०१९ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक ज्या तिघांना मिळाले, त्यांतले अकिरा योशिनो यांना या विषयाची गोडी कशी लागली असे पत्रकारांनी विचारले. तिसरी-चौथीत असताना वर्गशिक्षकांनी हे पुस्तक वाचायला सांगितले होते, असे त्यांनी उत्तर दिले. त्यानंतर जपानमध्ये पुस्तकाच्या प्रती नव्याने छापाव्या लागल्या. आमच्या यादीत हे पुस्तक 'अकरावी-बारावी' या रकान्यात होते.

आता थोडे आडवळण. फॅरडेने मार्सेटबाईंना तपासले आणि त्या खऱ्या ठरल्या. पण तपासल्यावर पुस्तक चुकीचे ठरले तर? मेणबत्तीचाच एक प्रयोग पिढ्यान्‌पिढ्या पाठ्यपुस्तकांतून आणि प्रयोगांच्या पुस्तकांतून फिरत आला आहे. ताटलीत पाणी घ्या, मध्ये पेटती मेणबत्ती उभी करा, तिच्यावर काचेचा पेला उपडा घाला. मेणबत्ती विझते आणि पेल्यात पाणी चढते. यावरून सांगितले जाते, की हवेत एक पंचमांश ऑक्सिजन असतो, तो जळून संपला, आणि त्याची जागा पाण्याने घेतली. पाणी साधारण तेवढे चढलेले दिसलेच तर शिक्षक खूश होतात.

एका शिबिरात आम्ही शिक्षकांना हाच प्रयोग आधी एका, मग दोन, मग तीन मेणबत्त्या घेऊन करायला सांगितला. पेला तोच, म्हणजे आतला ऑक्सिजनही तेवढाच. तीन मेणबत्त्यांनी पाणी कितीतरी जास्त चढले. निवृत्तीला आलेले एक गुरुजी होते. त्यांनी पेल्यावर दोरा बांधून खूण केली आणि सात वेळा प्रयोग केला. मग त्यांनीच दाखवून दिले, की पेला घालताना कडेने बुडबुडे बाहेर पडतात, मेणबत्ती जळत असताना पाणी फारसे हलत नाही, आणि ती विझल्यावर मात्र भरभर चढते. पाणी चढण्याचे मुख्य कारण तिथे उघड होते. ज्योतीभोवतालची तापलेली, फुगलेली हवा पेल्यात अडकते, तिच्यातली काही बाहेर निसटते, आणि ज्योत विझल्यावर उरलेली हवा थंड होऊन आकसते. शिवाय ज्योत विझते तेव्हा आतला ऑक्सिजन संपलेला नसतो, बराच शिल्लक असतो. जो खर्च होतो त्याच्या बदल्यात कार्बन डायऑक्साइड तयार होतो. मेणाच्या २५ कार्बन अणूंच्या एका रेणूला ३८ ऑक्सिजन रेणू लागतात आणि २५ कार्बन डायऑक्साइडचे रेणू मिळतात. पाण्याची वाफ होते ती थंड होऊन पाण्यातच मिळते. म्हणजे ऑक्सिजन खर्ची पडल्याने आकारमानात होणारी घट मुळात तुटपुंजीच.

गुरुजींनी विचारले, "मग परीक्षेत काय लिहायचे?" प्रश्न खरा होता आणि आमच्याकडे त्याचे सोपे उत्तर नव्हते. एक तरुण शिक्षिका म्हणाल्या, "मी दोन्ही सांगणार. पुस्तक काय म्हणते तेही आणि पेला काय म्हणतो तेही." गुरुजींचे समाधान झाले नाही. पण सात वेळांची नोंद असलेला कागद त्यांनी घडी करून खिशात ठेवला.

आता रशियाकडे वळू, कारण 'मुलांचे पुस्तक' आणि 'मोठ्यांचे पुस्तक' ही भिंत सर्वांत सहजपणे पाडली ती तिथल्या एका लेखकाने. याकोव्ह पेरेलमान हे शिक्षणाने वनशास्त्रज्ञ, व्यवसायाने लेखक-संपादक. १९१३ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये त्यांचे 'रंजक भौतिकशास्त्र' प्रसिद्ध झाले, १९१६ मध्ये दुसरा भाग आला. वाचकाला नवे काही शिकवण्यापेक्षा त्याला जे आधीच ठाऊक आहे ते वापरायला शिकवावे, असा आपला हेतू असल्याचे त्यांनी म्हटले आहे. त्यासाठी ते कादंबऱ्याही तपासायला घेतात. वेल्सच्या अदृश्य माणसाला काहीच दिसणार नाही, कारण डोळ्याचा पडदाही पारदर्शक झाल्यावर प्रकाश अडणार कुठे? ज्यूल व्हर्नच्या ध्रुवप्रदेशातल्या कादंबरीत डॉक्टर बर्फाचे भिंग करून विस्तव पेटवतो. ते शक्य आहे का? पेरेलमान म्हणतात, आहे.

या मुद्द्यावर आमची त्यांच्याशी जुनी ओळख आहे. सोव्हिएत प्रकाशनांची स्वस्त इंग्रजी पुस्तके एकेकाळी महाराष्ट्रात गावोगावच्या प्रदर्शनांत मिळत. १९९१ साली सोव्हिएत संघ विसर्जित झाला आणि हा ओघ आटला. त्यानंतर ती रद्दीच्या दुकानांत दिसू लागली. आम्ही सातवीत असताना असाच एक भाग वजनावर विकत घेतला. मुखपृष्ठ नव्हते, इंग्रजी निम्मेही कळत नव्हते. बर्फाच्या भिंगाचे चित्र मात्र कळले. गोल बुडाच्या स्टीलच्या वाटीत पाणी घालून ते शेजाऱ्यांच्या फ्रीजमध्ये ठेवले. बर्फ मधोमध दुधासारखा पांढरा झाला, कागद तापलासुद्धा नाही, आणि शेजारच्या काकूंनी वाटी परत मागितली. पाण्यात विरघळलेली हवा गोठताना मध्ये अडकते आणि बर्फ गढूळ होतो, हे समजायला आम्हाला पुढे कित्येक वर्षे लागली. पुस्तक आमच्या वयाचे नव्हते, हे खरेच. पण सातवीत पडलेला प्रश्न तसाच राहिला म्हणून तर पुढे उत्तर शोधले.

पेरेलमान यांनी १९३५ साली लेनिनग्राडमध्ये रंजक विज्ञानाचे एक घरच उभे केले. तिथली उपकरणे हाताळण्याची मुभा होती. १९४१च्या सप्टेंबरमध्ये जर्मन सैन्याने शहराला वेढा घातला. तेव्हा साठीला आलेला हा लेखक टेहळणी करणाऱ्या सैनिकांना उपकरणांशिवाय दिशा आणि अंतर कसे ओळखावे हे शिकवायला जात असे. १६ मार्च १९४२ रोजी त्यांचे उपासमारीने निधन झाले. त्यांच्या पत्नी त्याआधी दोन महिने गेल्या होत्या. त्यांच्या पुस्तकांत या दिवसांचा मागमूस नाही, ती सगळी त्याआधी लिहिलेली आहेत.

त्याच युद्धाने आणखी एक पुस्तक जन्माला घातले, आणि शाळा उघडण्याशी त्याचा संबंध अगदी शब्दशः आहे. युद्ध संपले तेव्हा युरोपात आणि आशियात असंख्य शाळा बेचिराख झाल्या होत्या. इमारती पुन्हा उभ्या राहत होत्या, पण प्रयोगशाळेत ठेवायला तराजू नव्हता, दिवा नव्हता, काचेचे भांडे नव्हते. त्या वेळी लंडनमधल्या सिटी ऑफ लंडन स्कूलचे विज्ञानशिक्षक जे. पी. स्टीव्हन्सन यांनी युनेस्कोसाठी एक छोटे पुस्तक लिहिले. युद्धात उद्ध्वस्त झालेल्या देशांतील विज्ञानशिक्षकांना सूचना, असे त्याचे नाव होते आणि ते १९४८ साली निघाले. हाताशी असलेल्या डबे-बाटल्या-तारांतून उपकरणे कशी करावीत, हे त्यात सांगितले होते. त्याला मागणी आली ती मात्र युद्धाची झळ न लागलेल्या देशांतूनही. तिथल्या शाळांत प्रयोगाचे साहित्य जळून जाण्याचा प्रश्नच नव्हता, कारण ते आधीही कधी नव्हते. मग युनेस्कोने ते वाढवले आणि १९५६ साली विज्ञानशिक्षणाचे 'सोर्स बुक' तयार झाले. अमेरिकेत दोन वर्षांनी तेच '७०० सायन्स एक्स्पेरिमेंट्स फॉर एव्हरीवन' या नावाने निघाले. शिक्षकांसाठी लिहिलेले पुस्तक नाव बदलताच सर्वांचे झाले! १९७३ साली त्याची नवी, सुधारलेली रचना आली.

आपल्या शेजारी मध्य प्रदेशात १९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यातल्या सोळा माध्यमिक शाळांत जो विज्ञानशिक्षणाचा उपक्रम सुरू झाला, तोही याच वाटेवरचा. किशोर भारती आणि रसूलियाचे फ्रेंड्स रुरल सेंटर या संस्थांनी तो सुरू केला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले आणि दिल्ली विद्यापीठातले शास्त्रज्ञ खेड्यांतल्या शिक्षकांबरोबर बसले आणि 'बाल वैज्ञानिक' ही पुस्तके तयार झाली. त्यांत प्रयोग होते, प्रश्न होते, पण उत्तरे छापलेली नव्हती, ती मुलांनी प्रयोग करून वहीत लिहायची. परीक्षेला पुस्तक जवळ ठेवायची परवानगी होती. १९७८ मध्ये उपक्रम जिल्हाभर पसरला, १९८२ पासून एकलव्य संस्थेने तो पुढे नेला, आणि २००२ साली राज्य सरकारने तो बंद केला. त्या पुस्तकांच्या मागे प्रशिक्षण, साहित्याची पेटी, मासिक बैठका असे बरेच काही होते. ते थांबल्यावर पुस्तके शिल्लक राहिली, पण रिकाम्या ओळी भरणारा वर्ग राहिला नाही. आमच्या काचेच्या कपाटाची आठवण आम्हाला इथे पुन्हा झाली.

वर सांगितलेल्या इंग्रजी पुस्तकांतली बहुतेक आज इंटरनेटवर विनामूल्य मिळतात, तेव्हा पैसे नाहीत ही सबब फारशी उरलेली नाही. भाषेची अडचण आहे. पण फॅरडेचे पहिले व्याख्यान शिक्षकाने आधी स्वतः वाचून मराठीत सांगितले, तर पाऊण तासात होते.

यंदाही त्या शाळेकडून यादीसाठी निरोप आला. आम्ही एक डझन जाड मेणबत्त्या, वीतभर लांबीच्या वाकवलेल्या दोन काचेच्या नळ्या आणि मेणबत्तीच्या पुस्तकाची एक जुनी प्रत पाठवली आहे. प्रतीची बांधणी सुटत आली आहे, तेव्हा ती खराब होईल म्हणून कोणी कुलपात ठेवण्याचा प्रश्न येणार नाही. सोबत चिठ्ठी दिली आहे. पाचवीच्या मुलांनी पेटत्या मेणबत्तीकडे पाच मिनिटे पाहून जेवढ्या गोष्टी दिसतील तेवढ्या लिहाव्यात, त्यानंतर पुस्तकातले पहिले व्याख्यान ऐकावे. आठवीने नळीचा प्रयोग करावा. अकरावीने ज्योतीची सावली पाहावी. जूनमध्ये ऊन मिळाले नाही तर चांगला प्रखर टॉर्च चालतो. शिक्षकांनी आधी आपल्या खोलीत बसून तीन मेणबत्त्यांचा प्रयोग करावा, आणि कुठल्या इयत्तेने दुसऱ्या इयत्तेचा प्रयोग मागितला तर नाही म्हणू नये. बादलीभर पाणी जवळ असावे, मुलींनी ओढण्या आणि वेण्या मागे बांधाव्यात, पंखे बंद ठेवावेत. काडेपेटी मात्र शिक्षकांच्याच खिशात असावी.